सगळ्यांची अंडी एकदम

हौशी : वहिनी, सुट्टीच्या सकाळी ऑम्लेटं करत बसणं हा करणाऱ्यावर सरळसरळ अन्याय आहे. घरात माणसं सहा, तवा एक. पहिलं ऑम्लेट दादाच्या ताटात पडतं तेव्हा आई अजून चहा घेत असते आणि पोरं अंथरुणात लोळत असतात. शेवटचं, जरासं करपलेलं, तुम्ही ओट्याशी उभ्या उभ्या खाता, तोवर दादा हात धुऊन पेपर उघडून बसलेला असतो. म्हणून म्हणतो, सुट्टीच्या दिवशी अंडी ओटीजीत भाजायची. सहा वाट्यांना आतून लोणी लावायचं. तळाशी आदल्या रात्री परतून ठेवलेला कांदा-टोमॅटो नाहीतर पालक, दोन दोन चमचे. त्यावर एकेक अंडं फोडायचं, वर चमचाभर साय, मीठ, मिरपूड. वाट्या ट्रेमध्ये, ओटीजी १८० अंशांवर आधीच तापवलेला, बारा ते पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात पाव शेकून होतो, चहा उकळतो. सहाही वाट्या एकदम बाहेर येतात, सहाही माणसं एकदम बसतात. अंडं फोडता आलं आणि घड्याळ कळलं की झालं.

शंकेखोर : भावजी, सोपं म्हणजे कुणाला सोपं, ते आधी ठरवू. कांदा-टोमॅटो आदल्या रात्री परतून ठेवलेला म्हणालात. कुणी परतला, ते शिताफीनं गाळलंत. ओटीजी तापवलेला, पण त्याआधी त्यातले बिस्किटांचे डबे आणि केकचे साचे बाहेर काढायचे ते कुणी? आणि नंतरच्या वाट्या? लोणी जरा कमी पडलं की पांढरं कडेला असं धरून बसतं की नखानं खरवडावं लागतं. त्यावर कढत पाणी ओतलं तर ते आणखी घट्ट होतं, गारच पाण्यात भिजत घालावं लागतं. सुट्टीच्या दिवशी भांडीवाल्या बाईंचीही सुट्टी असते, हे तुमच्या कृतीत कुठे लिहिलेलं नाही. ऑम्लेटला एक तवा आणि एक उलथणं. तवा तर पुसला तरी चालतो.

दुसरं, आपल्याकडे सुट्टी आणि अंडं यांचं जमतं तरी किती वेळा? पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी, सगळ्या सुट्ट्या देवाच्या. श्रावण तर आख्खाच गेला. उरले रविवार, त्यातलाही एखादा संकष्टीला येतो. शिवाय २६ जानेवारी, १ मे, नाताळ. एवढ्यासाठी ओटीजीची सरबराई?

आणि तिसरं तर बोलायलाच नको. सगळ्यांचं एकदम हवं असेल तर पोहे आहेत की. एक कढई, एक वाफ, वरून खोबरं-कोथिंबीर, सहा बशा. त्यासाठी अंड्याला वाटीत बसवून भट्टीत घालायची गरज काय?

(पोहे निघाल्यावर हौशी गप्प बसेल, असं मला वाटलं होतं. मराठी घरात हा मुद्दा सहसा शेवटचाच असतो.)

हौशी : पोह्यांपुढे मी हातच जोडतो. पण तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. पोहे करताना कुणी विचारत नाही की तुला कांदा जास्त हवा का, तुझे मऊ करू की मोकळे. आले तसे खातो. उपम्याचं तेच, थालीपिठाचं मात्र नाही, कारण तेही तव्यावरचं. म्हणजे जे तव्यावर एकेक होतं तिथे घराचं हॉटेल होतं आणि करणारीचा वेटर. अंडं निघालं की प्रत्येकाला फर्माईश सुचते. मला फक्त अंड्याला पोह्यांच्या पंगतीत बसवायचंय.

सुट्ट्यांचं म्हणाल तर मोजून थोड्याच सकाळी उरतात, कबूल. थोड्या आहेत म्हणून तर त्या ओट्याशी घालवू नयेत. विजेचं तुम्ही काढलं नाहीत, पण काढाल म्हणून सांगतो : १५०० वॅटचा ओटीजी अर्धा तास अखंड चालला तरी पाऊण युनिट. आणि तो अखंड चालतही नाही, तापला की आपोआप बंद होतो, निवला की पुन्हा लागतो.

शंकेखोर : वीज राहू द्या. मला फर्माईशींबद्दल बोलायचंय, कारण तुम्ही त्यांना चोचले समजता. यांना कड जाळीदार, तपकिरी झालेली लागते. आईंना बलक पार घट्ट, जराही ओला दिसला तर ताट बाजूला सरकवतात. धाकटीला बलक वाहता हवा, पावाचा तुकडा बुडवायला. थोरल्याला बलकच नको. यातलं काय चुकीचं आहे? अंडं ही एकच वस्तू चार तऱ्हांनी खाता येते, म्हणून तर माणसं त्याबद्दल हट्ट धरतात. पोह्यांना तेवढे स्वभाव नाहीत. तुमच्या सहा वाट्यांना एकच आच आणि एकच वेळ. म्हणजे यांना कड नाही, आईंना कच्चं, आणि धाकटीचं नेमकं घट्ट. सगळ्यांना एकदम मिळालं, पण कुणालाच आपलं मिळालं नाही.

हौशी : तिथे जरा थांबू या, कारण अंड्याच्या आत काय होतं ते कळलं की हा आक्षेप अर्धा सुटतो. पांढरं आणि पिवळं एका तापमानाला घट्ट होत नाहीत. पांढरं ६२ अंशांच्या आसपास दुधाळ व्हायला लागतं, पण त्यातलं निम्म्याहून अधिक प्रथिन ८० अंशांच्या जवळपास पोचल्याशिवाय नीट धरत नाही. बलक ६५ ला दाटायला लागतो आणि ७० ला वाहायचा थांबतो. म्हणजे पांढरं शिजलेलं आणि बलक वाहता हवा असेल तर पांढऱ्याला बलकापेक्षा जास्त तापवावं लागतं, एकाच अंड्यात, एकाच वेळी. तव्यावर ही कसरत तुमचा हात करतो : कडेचं तेल चमच्यानं उडवून वरचं पांढरं शिजवता. वाटीत ते वाटीची घडणच करते. उष्णता तळातून आणि कडांनी येते, बलक मधोमध पांढऱ्याच्या आडोशाला असतो. ट्रेमध्ये वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतलं तर कडा १०० च्या वर जाऊच शकत नाहीत, म्हणून पांढरं चामट होत नाही. साय वरून पांघरूण घालते.

काचेतून पाहिलंत तर दिसतं. पहिली पाच-सहा मिनिटं काहीच होत नाही, माणूस शंकेनं बटणं तपासायला लागतो. मग कडेला एक पांढरी रेघ उमटते, ती आत आत सरकते, आणि बलकाभोवती तेवढं एक पारदर्शक तळं उरतं. ट्रे हलकेच हलवला की ते थरथरतं. ते थरथरत असतानाच वाटी बाहेर काढायची, कारण वाटी तापलेली असते आणि टेबलावर आणखी दोन मिनिटं आतल्या आत शिजवत राहते. काढायला उशीर झाला तर बलक खडूसारखा, आणि फारच झाला तर त्याच्याभोवती करडं-हिरवं कडं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा तो उद्योग.

आता फर्माईशी. धाकटीची वाटी आधी काढायची, आईची शेवटी. थोरल्याच्या वाटीत बलक घालायचाच नाही, तो आईच्या वाटीत. ओटीजीच्या मागच्या कोपऱ्यात आच जास्त असते, तिथे आईची वाटी ठेवायची. दादाची जाळी तेवढी मला जमणार नाही.

शंकेखोर : म्हणजे तुम्हीही उभेच. मी तव्यापुढे, तुम्ही काचेपुढे. माझ्या तव्याचं तरी सगळं दिसतं, ऐकू येतं, वास सांगतो. तुमच्या ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलंय आणि आत किती आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक. दार उघडून बघावं तर आच जाते. शिवाय धाकटीच्या वाहत्या बलकाबद्दल माझ्या मनात आधीपासून किंतु आहे. अमेरिकेतलं अन्नसुरक्षा खातं अंड्याच्या पदार्थाला आतून ७१ अंश तरी लागू द्या म्हणतं, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं यांना जपायला सांगतं. तुमच्याच हिशेबानं ७१ ला बलक वाहत नाही. तव्यावर ती माझ्या डोळ्यांदेखत हट्ट करते आणि मी तिच्या डोळ्यांदेखत उलटून टाकते. वाटीत ते जमायचं नाही.

आणि यांच्या जाळीवरून एवढ्या सहज पुढे जाऊ नका. चव तिथेच आहे. अंडं तपकिरी व्हायला, कांदा कडेनं लालसर व्हायला १४० अंशांच्या वरची आच लागते. तुम्ही पाण्यात बसवून १०० वर रोखून धरलेलं अंडं मऊसूत होईल, पण त्याला भाजल्याचा वास कुठून येणार? आपली जीभ तव्याची आहे. बुर्जीत कांदा परतल्याचा, मिरची तडतडल्याचा वास असतो. गोव्यात ऑम्लेटवर शागुतीचा रस ओततात आणि रॉस ऑम्लेट म्हणून पावाबरोबर खातात. तिथेसुद्धा आधी तवा आहे, मग रस. साय-मिरपूड घातलेलं अंडं हॉटेलात ठीक.

हौशी : मग साय काढून टाका. मिरची-कोथिंबीर घाला, कांदा तळाशी चांगला लालसर परता, वर हवं तर चिमूटभर गोडा मसाला. तपकिरी चव खालून येऊ दे, मऊपणा वरून. आणि जीभ तव्याची म्हणता, तर आपल्या मुंबईतल्या पारश्यांकडे बघा. त्यांच्याकडे पर ईडू नावाचं आख्खं कुळ आहे. बटाट्यावर अंडं, टोमॅटोवर अंडं, भेंडीवर अंडं, सळीवर, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर अंडं. बटाट्याच्या चकत्या कांदा, जिरं, हिरव्या मिरचीवर शिजवायच्या, पातेल्यात सारख्या पसरायच्या, पळीच्या पाठीनं खळगे करायचे, त्यात अंडी फोडायची, कडेनं दोन चमचे पाणी आणि वर घट्ट झाकण. आच मंद. खालून बटाटा खरपूस होतो, वरून वाफ पांढरं धरते. ट्युनिशियातलं शक्षुका टोमॅटोच्या रश्श्यात हेच करतं. उत्तर आफ्रिकेतल्या ज्यूंनी ते इस्राएलात नेलं आणि आता ते सगळीकडे सकाळचं झालंय.

खालून-वरून आच देणं आपल्याला नवीन नाही. गोव्यात बिबिंक करताना थराथरानं वर निखारे ठेवतात. दिवाळीच्या आधी रवा-मैदा-तूप-साखर घेऊन आपणच बेकरीत जायचो आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून आणायचो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू नाहीतर मीठ घालून केक आईनंच केलेत. ओटीजी नसेल तर नसू दे. पसरट कढई आणि झाकण पुरे.

शंकेखोर : बघा, तुम्ही ओटीजी सोडलात, वाट्या सोडल्यात, साय सोडलीत. आता घासायला एक कढई, हे मला पसंत आहे. पण मग तुमच्या म्हणण्यात उरलं काय? एवढंच, की सगळ्यांचं एकदम. मला वाटतं पहिल्यापासून तेवढंच होतं. बाकी सगळी सजावट. तर त्याच्याबद्दल बोलू.

सगळ्यांनी एकदम बसणं ही सुट्टी, असं तुम्ही धरून चालला आहात. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी किती वर्षं झगडले. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना सांगितलं. गिरणीचा भोंगा त्या दिवशी बंद झाला. घरातली चूल मात्र त्या दिवशी उलट जास्त पेटायला लागली, कारण सगळी माणसं घरात. म्हणजे माझा रविवार हा कामाचाच वार आहे, शनिवारपेक्षा जड. तुम्ही मला त्यातून सोडवायला निघालात, बरं वाटलं. पण सोडवून कुठे नेताय? टेबलाशी. तिथे काय असतं ते मला माहीत आहे. वाट्या यायच्या आधी चार जण चार मोबाइलांत.

आणि तव्यापाशी काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. एकेक जण आपापल्या ऑम्लेटसाठी येतो. ओट्याला टेकून उभा राहतो. तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात काही करता येत नाही, म्हणून बोलतो. थोरला कॉलेजातलं जे काही सांगतो ते तिथेच, उलथण्याकडे बघत. समोरासमोर बसवून विचारलं तर एक शब्द फुटत नाही. आई येतात त्या खरं तर माझं मीठ बघायला येतात, पण येतात. तुमच्या एकदमच्या पंगतीत ही एकेकाची तीन मिनिटं जातील.

हौशी : हे मी धरलं नव्हतं, आणि ते खरं आहे. पण वहिनी, विचारतो ते रागावू नका. मग तुम्हाला सुट्टी हवी आहे की गॅसजवळची जागा? कारण गेल्या रविवारी दहा वाजता तुम्हीच म्हणालात की या घरात माझा चहा तीनदा गार झाला.

शंकेखोर : दोन्ही हवं. आणि यातलं एक निवडायची पाळी माझ्यावरच का यावी? तुमच्या दादांना सुट्टी आणि पेपर दोन्ही मिळतं की. चहा गार होतो याची मला चीड आहे, आणि थोरला येऊन उभा राहिला की ती चीड कुठे जाते ते कळत नाही. याचा ताळा तुम्हाला लागायचा नाही, मलाही लागलेला नाही. कृती बदलून तो लागेल, एवढंच मला पटत नाही.

हौशी : कृतीनं माणसं बदलत नाहीत, कबूल. पण कामाची वेळ बदलते, आणि मला वाटतं खरी गोम तिथे आहे. ऑम्लेटचं सगळं काम त्या अर्ध्या तासात, त्या ओट्यावर, त्या एका हातात असतं. ते पुढे-मागे ढकलता येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही. मी करायला घेतलं तर तिसऱ्याला मोडतं आणि तुम्ही उलथणं काढून घेता. कढईतल्या अंड्यांचं निम्मं काम आदल्या रात्री होतं. अमेरिकेत कितीतरी घरांत नाताळच्या सकाळसाठी पावाचे तुकडे, अंडी, दूध, चीज रात्रीच ट्रेमध्ये कालवून फ्रीजमध्ये ठेवतात आणि सकाळी नुसतं ओव्हनमध्ये सरकवतात. तिथे ओव्हन घराबरोबरच येतो, फ्रीजच्या डोक्यावर नसतो, ते सोडा. श्रम कमी होत नाहीत, मीही तसं म्हणणार नाही. पण जे काम रात्री होऊ शकतं ते दादाही करू शकतो. टोमॅटो चिरायला हात बसलेला लागत नाही. बारा वर्षांची धाकटी अंडं फोडू शकते. एखादं नासकं निघेल म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, एवढं तिला एकदा शिकवायचं. अंडं जरा शिळं असेल, पांढरं पातळ होऊन तव्यावर पसरलं असतं, तर खळग्यात ते पसरायलाही जागा नाही. चुका पोटात घेणारा पदार्थ आहे हा. म्हणून तो दुसऱ्याच्या हाती देता येतो.

शंकेखोर : हे मात्र तुम्ही पहिल्यांदाच नीट बोललात. पण त्याची दुसरी बाजूही बोला. जे कुणाच्याही हाती देता येतं, ते कुणाचंच नसतं. पहिल्या रविवारी तुम्ही कराल, हौस आहे. दुसऱ्या रविवारी धाकटी करेल, कौतुक होईल. मग एक शनिवार असा येईल की रात्री नऊ वाजता टोमॅटो चिरायचे राहिलेत हे फक्त मला आठवेल. आठवण ठेवणं हेही काम आहे, भावजी, आणि तेच तुमच्या कृतीत कुणाच्या नावावर नाही. ऑम्लेटचं काय, आदल्या रात्री काही आठवावं लागत नाही. सकाळी अंडी आहेत का बघायचं, नसली तर कोपऱ्यावरून आणायची.

आणि दुसरं, जरा टोचेल असं. माझं ऑम्लेट मोडत नाही. कांदा किती बारीक, तवा किती तापला की घालायचं, कधी उलटायचं, यांची जाळी कशी आणायची, हे माझ्या हातात वर्षानुवर्षांनी आलं आहे. तुमची कढई म्हणते, त्याची काही गरज नाही, झाकण ठेवा आणि घड्याळ बघा. तुम्ही मला मोकळं करता तेव्हा माझा हात मोडीत काढता. मोकळं तर व्हायचंच आहे. मोडीत निघायचं नाही.

हौशी : मग असं करू. शनिवारी रात्रीचं माझ्या नावावर, आठवणीसकट. चुकलं तर रविवारी पोहे, आणि तेही मी करीन. कढईत पाच अंडी. दादाचं एक तव्यावर, तुमच्या हातचं, जाळीचं. थोरल्याला बलक नकोच असतो, तो तेवढ्यासाठी ओट्याशी येऊन उभा राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही.

शंकेखोर : म्हणजे पुन्हा दोन भांडी, आणि मी पुन्हा ओट्याशी. निदान एकाच अंड्यासाठी. ठीक, एक रविवार बघू. पण एक राहिलंच. मघाशी म्हणालात, धाकटीचं आधी काढायचं आणि आईंचं शेवटी, कारण त्यांना घट्ट लागतं. कढईत तर वाट्याही नाहीत, झाकण परत ठेवून पाच मिनिटं थांबायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यात लहानीला पहिलं वाढायचं आणि आईंना सगळ्यांच्या नंतर. ते आईंना तुम्ही सांगणार आहात की मी?

हौशी : आईचं अंडं पाच मिनिटं आधी फोडू.

शंकेखोर : आणि त्यासाठी पाच मिनिटं आधी कोण उठणार?